वय ३४, व्यायामाची सवय नाही : ब्राझिलियन जिउ-जित्सू आता सुरू करता येईल का?

तुम्ही विचारलंय की नोकरी हिंजवडीत, घर बाणेरला, कॉलेज सुटल्यापासून मैदानाशी संबंध नाही; तर आधी सहा महिने जिम लावून मग जिउ-जित्सूला, म्हणजे जमिनीवर पकडी आणि डाव लावून खेळायच्या या कुस्तीसारख्या खेळाला, जावं का, आणि पुण्यात क्लास निवडताना काय बघावं.

जिमसाठी थांबू नका, थेट क्लासला जा. नवा माणूस दोन मिनिटांत धापा टाकायला लागतो तो ताकद कमी पडते म्हणून नव्हे. तो श्वास रोखून धरतो आणि समोरच्याची कॉलर सगळ्या ताकदीनिशी आवळून बसतो. मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगडासारखे होतात आणि पकड आपोआप सुटते. हे ट्रेडमिलवर सुधारत नाही, मॅटवरच सुधारतं. वयाचं म्हणाल तर जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या (IBJJF) स्पर्धांत ३० वर्षांपासून पुढच्यांसाठी वेगळे मास्टर गटच आहेत, पुढे ३६, ४१ असे टप्पे. म्हणजे तुमच्या वयाची माणसं उतरतात, हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. मात्र रक्तदाब, मणक्याची गादी सरकलेली असणं, गुडघ्याचं किंवा खांद्याचं जुनं ऑपरेशन यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांच्या कानावर घाला.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे कुस्तीचे संस्कार इतके खोल आहेत की तालमीचं तोंड न बघितलेल्या माणसालाही 'चितपट म्हणजे हार' हे ठाऊक असतं. शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीत तुम्ही दोन्ही खांद्यांवर पडलात की कुस्ती निकाली. जिउ-जित्सूत तिथून खेळ सुरू होतो. मित्सुयो माएदा हा कोदोकानचा, म्हणजे जुदोच्या जपानमधल्या मूळ संस्थेचा, जुदोपटू १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचला. त्याच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसीकडे आली आणि ग्रेसी घराण्यानं जमिनीवरच्या लढतीवर सगळा भर दिला. पाठीवर पडून समोरच्याला दोन पायांच्या मध्ये अडकवून ठेवणं याला गार्ड म्हणतात, आणि गार्डमधला माणूस हरलेला नसतो. तिथून तो गळा आवळू शकतो, कोपर सरळ करून आर्मबार लावू शकतो, समोरच्याला उलटवून वर येऊ शकतो.

उलट, चीत होऊ नये म्हणून कुस्तीत पालथं पडून जमीन धरून राहणं हा बचाव असतो. जिउ-जित्सूत तेच केलंत तर पाठ समोरच्याच्या हाती जाते. पाठीवर बसून त्यानं दोन्ही पायांचे हूक आत घातले, म्हणजे दोन्ही पावलं आकड्यासारखी तुमच्या मांड्यांच्या आतून अडकवली, की त्याला ४ गुण, आणि लगेच मागून गळ्याभोवती हात. तालमीतून आलेल्या चांगल्या पैलवानांनाही ही सवय मोडायला महिने लागतात. त्यांचा पट काढणं, पाय उचलणं मात्र इथे सोन्यासारखं उपयोगी पडतं. वर्गात असा कोणी असेल तर उभ्या लढतीचं त्याच्याकडून जरूर शिका.

पहिल्या महिन्यात तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा करावी लागेल ती हालचाल म्हणजे हिप एस्केप, सगळे 'श्रिम्प' म्हणतात. घरी सतरंजीवरही करता येते, म्हणून नीट सांगतो. पाठीवर झोपा, उजवा गुडघा दुमडून उजवं पाऊल कुल्ल्याजवळ टेकवा. त्या पावलानं जमीन दाबत कंबर थोडी उचला, डाव्या खांद्यावर कुशीला वळा आणि कंबर मागे, म्हणजे उजवीकडे, फेका. दोन्ही हात पायांच्या दिशेला ढकला, जणू पोटावरचं ओझं लोटताय. शेवटी शरीराचा काटकोन झालेला दिसला पाहिजे. मग पुन्हा पाठीवर या आणि दुसरी बाजू करा. नवख्यांचं इथे हमखास एकच बिघडतं. ते कुशीला वळतच नाहीत, दोन्ही खांदे जमिनीला टेकवून नुसते डोक्याच्या दिशेनं सरकतात. त्यानं जागा बदलते, पण तुमची कंबर आणि वरचा माणूस यांत फट पडत नाही. आणि सगळं काम त्या फटीचंच असतं. रोज प्रत्येक बाजूला २० वेळा केलंत तरी महिन्याभरात फरक कळेल.

या फटीचा उपयोग बघा. समोरचा आडवा तुमच्या छातीवर आहे, याला साइड कंट्रोल म्हणतात. पहिले सहा महिने तुम्ही बहुतेक इथेच असाल. घाबरून दोन्ही हातांनी त्याला वर ढकलू नका. हात सरळ झाला की तो आर्मबारसाठी आयता मिळतो. त्याच्या बाजूच्या हाताचं कोपरापुढचं हाड त्याच्या कंबरेला लावा, दुसऱ्या हाताचं त्याच्या हनुवटीखाली मानेला. दोन्ही कोपरं दुमडलेली आणि शक्य तितकी अंगालगत. वजन हाडांनी पेलायचं, स्नायूंनी नाही. मग टाचा दाबून कंबर एकदा उसळवा, तो सावरतोय तेवढ्यात त्याच्याकडे वळत कंबर त्याच्यापासून लांब न्या आणि फटीत त्याच्या बाजूचा गुडघा सारा. गुडघा आत गेला की गार्ड परत मिळवायचा रस्ता उघडला. पहिल्या झटक्यात क्वचितच जमतं. तीन-चार छोट्या हालचालींत जमतं, आणि प्रत्येक हालचालीच्या मध्ये श्वास सोडायचा असतो.

टॅपबद्दल, म्हणजे 'हरलो, सोड' या खुणेबद्दल, कोणी घाईत सांगितलं तर समाधान मानू नका. समोरच्याच्या अंगावर हातानं दोन-तीनदा, त्याला जाणवेल असं थोपटायचं. हात अडकले असतील तर पाय मॅटवर आपटा किंवा तोंडानं 'टॅप' म्हणा. वेदनेनं ओरडलात तर तोही टॅपच धरला जातो. सांध्याच्या डावात दुखेपर्यंत थांबू नका. आर्मबारमध्ये कोपर सरळ झालं आणि निघायची वाट दिसत नाही, की टॅप. गळ्याच्या डावात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि नीट लागला तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. चेहरा गरम वाटणं, कानात आवाज येणं ही उशिराची लक्षणं आहेत. आणि डाव तुम्ही लावत असाल तेव्हा शेवटचा दाब सावकाश, दोन-तीन सेकंद घेऊन द्या, म्हणजे समोरच्याला टॅप करायला वेळ मिळेल.

यात हील हूक हा पायाचा डाव वेगळा काढून सांगतो, कारण तो फसवा आहे. टाच पिळली जाते पण मोडतो गुडघा, आणि लिगामेंट फाटेपर्यंत फारसं दुखतच नाही. फेडरेशनच्या नियमांत व्हाइट बेल्टला, म्हणजे नवख्यांच्या पांढऱ्या पट्ट्याला, पायाच्या डावांपैकी सरळ घोट्याचा लॉक तेवढा चालतो, तो याचसाठी. वर्गात कोणी तुमच्यावर हील हूक लावलाच तर गरगर फिरून सुटायचा प्रयत्न न करता लगेच टॅप करा, आणि नंतर प्रशिक्षकांना सांगा.

बाकीच्या दुखापती बहुतेक डावांनी होत नाहीत, पडण्यानं होतात. पडताना हात मागे टेकवला की मनगट, कोपर किंवा खांदा जातो. म्हणून हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर मॅटवर आपटत पडायचं. हे पडणं पक्कं होईपर्यंत रोलिंग, म्हणजे खरी झटापट, उभ्यानं सुरू करू नका, गुडघ्यांवरून करा. बरगडीच्या कुर्चेत कळ आली तर चार ते सहा आठवडे घरी बसायची तयारी ठेवा. मध्येच परत गेलात तर मुक्काम दुप्पट होतो. कान घासून मऊ फुगला, आत पाणी असल्यासारखा लागला, तर एक-दोन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ते पाणी वेळेत काढून दाब दिला नाही तर कान पैलवानासारखा कायमचा वळतो.

आता कपडे. गी म्हणजे जाड सुती कोट, विजार आणि पट्टा. पहिला गी हलका घ्या, ३५० ते ४५० जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), पर्ल वीव्ह विणीचा. कारण पुण्याचा पाऊस. जुलैत फ्लॅटच्या बाल्कनीत जाड गी दोन दोन दिवस ओला राहतो आणि अर्धवट वाळलेल्या सुती कापडाला कुबट वास धरतो, तो मग जाता जात नाही. गरम पाण्यात धुतलात तर आटेल, बाही मनगटाच्या वर येईल. घरी आल्या आल्या बॅगेतून काढा, गार पाण्यात धुवा, उलटा करून पंख्याखाली टाका. पट्टाही धुवा; 'पट्टा धुतला की विद्या जाते' असं कोणी म्हणेल, ऐकू नका. गीशिवायच्या वर्गाला रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि खिसे-चेन नसलेली शॉर्ट्स लागते, खिशात बोट अडकून मोडतं. गरम पाण्यात मऊ करून दातांना बसवायचा माउथगार्ड पहिल्या रोलिंगच्या आधी घ्या. कडं, अंगठी, गळ्यातली साखळी, मनगटाचा दोरा काढून या. बायकांनी मंगळसूत्र आणि जोडवीसुद्धा. नखं त्याच दिवशी कापा. चष्मा असेल तर बॅगेत ठेवा, जमिनीवरचं बरंचसं काम स्पर्शानं चालतं.

त्वचेबद्दल मी आग्रहानं सांगतो, कारण दुखापतीपेक्षा जास्त माणसं यानं खाडे करतात. मॅटवर गजकर्ण सहज पसरतं, आणि आपल्या दमट हवेत तर फारच. क्लास संपल्यावर शक्यतो अर्ध्या तासात साबणानं अंघोळ करा. हिंजवडी-बाणेर रस्त्यावर अडकणार असाल तर निदान तिथेच अंग धुवून कोरडे कपडे घाला. गोल, कडेनं लाल, खाजणारा चट्टा दिसला की मेडिकलमधून आपल्या मनानं मलम आणू नका. काउंटरवर मिळणाऱ्या कितीतरी मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप बदलल्यानं डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत मॅटवर पाऊल ठेवू नका, सोबतच्यांसाठी तरी.

क्लास बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या पदकांपेक्षा दारातल्या चपला बघा. लोक अनवाणी टॉयलेटला जाऊन तसेच मॅटवर येतात की मॅटच्या कडेला चपला काढून ठेवलेल्या असतात? मॅट रोज पुसतात का? मॅटच्या तुकड्यांमध्ये बोट जाईल अशी फट आहे का, भिंतीला गादी आहे का? मग प्रशिक्षकांना सरळ विचारा, बेल्ट कोणता आणि कोणाकडून मिळाला. जिउ-जित्सूत हा प्रश्न उद्धट समजत नाहीत, घराण्यासारखी परंपरा सगळे अभिमानानं सांगतात. जो टाळाटाळ करेल तिथे जाऊ नका. आपल्याकडे ब्लॅक बेल्ट अजून कमी आहेत, त्यामुळे पर्पल किंवा ब्राउन बेल्टचा प्रशिक्षक असेल तर ते अजिबात कमीपणाचं नाही. आणखी एक बघा : नवख्याला पहिल्याच दिवशी दणकट गड्यासमोर मोकळं सोडतात, की आधी एखाद्याच स्थितीतून ठरावीक वेळ झटापट करायला लावतात? दुसरा प्रकार जिथे असेल तिथे तुम्ही टिकाल. तिशी-चाळिशीतली आणि कमी वजनाची माणसं, बायका त्या वर्गात वर्षानुवर्षं येत असतील, तर याहून चांगली खूण नाही.

आठवड्यात दोन दिवस पुरे, तीन झाले तर उत्तम, पण सुरुवातीला लागोपाठ नकोत. ऑफिसनंतर साडेसातचा वर्ग असेल तर पाचच्या सुमाराला पोळी-भाजी किंवा दोन केळी, मग नुसतं पाणी. वडापाव खाऊन आलात तर कोणी पोटावर गुडघा ठेवल्यावर कळेल. बेल्टचा विचार आत्ता नको. व्हाइटनंतर ब्लू, पर्पल, ब्राउन, ब्लॅक. ब्लूला साधारण दीड-दोन वर्षं, ब्लॅकला दहाच्या आसपास धरतात.

फीचं एवढंच की वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही असो. आधी ट्रायल क्लास, मग एक महिना, मग तीन महिने. आणि अंतर गूगलवर रविवारी सकाळी मोजू नका, बुधवारी संध्याकाळी सातला मोजा. बाणेरहून कोरेगाव पार्कचा नामांकित वर्ग आणि घराजवळचा साधा पण स्वच्छ, नीट शिकवणारा वर्ग यांत मी तुम्हाला घराजवळचाच सुचवेन. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि जोडीदाराला सुरुवातीलाच सांगा, 'मी नवीन आहे, हळू करू.'