‘गणपतीच्या सुमारास’ ही तारीख नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: वाचक खेड तालुक्यातले, लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज, शिक्षण बीएस्सी. २०२४ च्या गणपतीच्या सुमारास त्यांनी ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या एका कंपनीकडे १,४०,००० रुपये भरून ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ केलं. पुढच्या आंब्याच्या दिवसांत एका परदेशी संस्थेचं प्रमाणपत्र हातात आलं. यंदा शिमग्याच्या आधी एचआरने कळवलं की हे बढतीसाठी चालणार नाही. आता स्वस्त आणि मान्यताप्राप्त ऑनलाइन एक्झिक्युटिव्ह एमबीए कोणता घ्यावा आणि जुने पैसे मिळतील का, असं ते विचारतात. नव्या ठिकाणाहून ‘जुलैची बॅच भरत आली’ असे फोन रोज येताहेत.

तुमचं पत्र तीन पानांचं आहे. फोन करणाऱ्या मुलीचं नाव, नॅकने विद्यापीठाला दिलेली मूल्यांकनाची श्रेणी, फी रुपया-पैशासकट, सगळं त्यात आहे. तारीख एकही नाही. गणपती, आंबे, शिमगा. आपल्याकडे काळ असाच मोजतात, मला मान्य आहे. माझ्याकडे येणारी निम्मी जमिनीची भांडणंसुद्धा ‘मिरगाच्या आधी’ आणि ‘लावणीनंतर’ अशीच सुरू होतात. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तारखेतच अडकलेलं आहे. आधी जुन्या पैशांचं सांगतो, कारण ती तारीख अंगावर आली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. तुम्ही पैसे तिच्या आठवडाभर आधी भरले असतील, तर समोरचा वकील म्हणणार की मुदत ऑगस्टच्या शेवटी संपली. आणि यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. ‘गणपती आटोपले की कोर्टाचं बघू’ असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलं आहे. आरती म्हणत असताना मुदत निघून गेलेली असेल. आज उठा आणि बँकेचं स्टेटमेंट काढा.

आपल्या बाजूने म्हणायला जागा आहे. फसवणूक तुम्हाला कळली ती एचआरच्या मेलने, तेव्हा तक्रारीचं कारण त्या दिवशी घडलं, असं मी मांडेन, आणि ते पोकळ नाही. उशीर माफ करण्याचा अधिकारही ग्राहक आयोगाला त्याच कलमात आहे, पुरेसं कारण दाखवलं तर. पण या दोन्ही गोष्टी अडल्यावेळी वापरायच्या असतात, त्यांच्या भरवशावर उशीर करायचा नसतो. ‘कंपनीशी मेलवर बोलणं चालू आहे, ते नाही म्हणालेले नाहीत’ असं तुम्ही लिहिता. ते नाही म्हणणारच नाहीत. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत एक दिवसही वाढत नाही, हे त्यांच्या वकिलाला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला आता कळलं.

दावा टिकेल का? इथे मी छातीठोकपणे सांगणार नाही. शिक्षणसंस्था ‘सेवा’ देतात की नाही यावर निकाल दोन्ही बाजूंना आहेत. महर्षी दयानंद विद्यापीठाच्या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला ग्राहक मानलं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात, संलग्नता आणि मान्यता नसताना ती असल्याचं भासवून प्रवेश देणाऱ्या कॉलेजला त्याच न्यायालयाने नुकसानभरपाई द्यायला लावली. तुमचं प्रकरण या दुसऱ्या निकालाच्या जवळ जातं. शिवाय तुमच्या समोर विद्यापीठ नाही, कोर्स विकणारी कंपनी आहे. त्यामुळे ‘शिकवणं वाईट होतं’ हा सूर तक्रारीत नको. ‘मान्यता आहे असं सांगून विकलं’ एवढंच लिहा, आणि ते सांगितल्याचा व्हॉट्सॅप मेसेज जोडा. तो फोन बदलताना गेला असं म्हणू नका, निदान शोधण्याआधी तरी.

करारात वाद बंगळूरला लवादापुढेच चालेल असं कलम आहे म्हणून तुम्ही घाबरलात. त्याला घाबरू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये ठरलेलं आहे, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या आयोगात, तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. ऑनलाइनही दाखल होते. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. हे वाक्य मी अशिलांना वाचून दाखवतो तेव्हा मलाच हसू येतं. सामनेवाल्याला नोटीस लागेपर्यंतच एक पावसाळा जातो. तरीही दाखल करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती मला जास्त खटकते. बढतीच्या अर्जात तुम्ही त्या प्रमाणपत्राचा उल्लेख ‘एमबीए पदवी’ असा केला आहे का? केला असेल तर ती पदवी नसल्याचं एचआरला स्वतःहून लेखी कळवा. आज तुम्ही फसवले गेलेले आहात, उद्या कुणी फाइल उघडली तर फसवणारे ठराल.

आता नवा कोर्स. कुठला घ्यावा हे मी सांगणार नाही, तो माझा धंदा नाही. कसा तपासावा ते सांगतो, आणि इथेही ‘नॅक ए प्लस’ वगैरे बाजूला ठेवा. ती श्रेणी विद्यापीठाची असते. फार तर त्या जोरावर विद्यापीठाला ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो. अमुक अभ्यासक्रमाला परवानगी मिळाली असा तिचा अर्थ नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण विनियमांखाली परवानगी मिळते ती विद्यापीठाला, अभ्यासक्रमाला, पद्धतीला आणि सत्राला. सत्रं वर्षात दोन, जानेवारी-फेब्रुवारीचं आणि जुलै-ऑगस्टचं. ज्या सत्रात तुमचा प्रवेश, त्या सत्राच्या यादीत तुमचा अभ्यासक्रम हवा. मागच्या वर्षी होता, पुढच्या वर्षी येणार आहे, ‘प्रोसेसमध्ये आहे’, यातलं काहीही चालत नाही. यादी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या (डीईबी) संकेतस्थळावर असते. ती स्वतः उघडा, कंपनीने पाठवलेला फोटो पाहू नका, आणि जे दिसेल ते पान तारखेसकट छापून ठेवा.

पद्धत म्हणजे ऑनलाइन की दूरस्थ, हे नीट बघा. यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्य संस्थांच्या दोन्ही प्रकारच्या पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या आहेत. फरक हद्दीचा. ऑनलाइनला हद्द नाही, पण दूरस्थ पद्धतीला आहे. परराज्यातलं खासगी विद्यापीठ तुम्हाला खेडमध्ये दूरस्थ एमबीए देतो म्हणत असेल, तर फोन ठेवून द्या.

‘एक्झिक्युटिव्ह’ या शब्दावर तुमचा फार जीव दिसतो. तुमच्या कंपनीच्या नियमात ‘मान्यताप्राप्त एमबीए’ असं लिहिलंय, एक्झिक्युटिव्ह असं नाही. नामवंत संस्थांचेही कितीतरी एक्झिक्युटिव्ह कोर्स शेवटी प्रमाणपत्रच देतात, पदवी नाही, आणि ते माहितीपुस्तिकेत छापलेलंही असतं, फक्त बारीक अक्षरात. परदेशी संस्थेशी ‘सहकार्याने’ असं पुन्हा कुठे दिसलं तर तुम्हाला आता सांगायला नको. यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता, म्हणजे तुमचे पैसे जाण्याच्या सुमारे नऊ महिने आधी.

एक सोपी खूण. अशा प्रवेशासाठी २०२४ पासून डीईबी आयडी लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतः यूजीसीच्या पोर्टलवर काढायचा असतो आणि तो एबीसी (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या) आयडीशी जोडलेला असतो. समोरचा माणूस त्याचं नावही काढत नसेल, तर तो विकतोय ती पदवी नव्हे. ‘ओटीपी सांगा, आम्ही काढून देतो’ म्हणाला, तर सांगू नका. आणि पैसे विद्यापीठाच्या खात्यात भरा, पावती विद्यापीठाची घ्या. पदवीची फ्रँचायझी देता येत नाही, त्यामुळे मधल्या कंपनीच्या नावाने पावती का, हा प्रश्न तुम्ही मागच्या वेळी विचारायला हवा होता.

एआयसीटीईबद्दल, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेबद्दल, विचारलंत. विद्यापीठ केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं असेल तर २००१ च्या भारतीदासन निकालानंतर (विद्यापीठाला एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही, असा तो निकाल) मला त्याची फारशी चिंता वाटत नाही. अभिमत (डीम्ड) विद्यापीठ असेल तर एआयसीटीईचं पत्रही मागा. यावर अजून वाद होतात, म्हणून यापुढे जाऊन काही लिहीत नाही.

स्वस्त म्हणाल तर इग्नूचं, म्हणजे केंद्राच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, एमबीए लाखाच्या आत होतं, किमान दोन वर्षांचं, आणि चार वर्षांपर्यंत ओढता येतं. फिरत्या शिफ्टवाल्याला हे महत्त्वाचं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचंही एमबीए आहे. दोन्हींच्या बाबतीत सत्राची यादी पाहायची ती पाहायचीच, सरकारी आहे म्हणून सूट नाही. परीक्षा घरून कॅमेऱ्यापुढे की केंद्रावर, हेही लेखी विचारा. जुलैत आपल्याकडे वीज किती वेळ टिकते ते मी खेडच्या माणसाला सांगायला नको. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ नको. ते कर्ज वेगळ्याच वित्त कंपनीचं असतं, कोर्स सोडलात तरी हप्ते सुटत नाहीत. आधीच सही केली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडायला मुदत मिळते, पण फार थोडी. करारात तो आकडा आजच शोधा.

फी भरण्याआधी एचआरला एक मेल करा: अमुक विद्यापीठ, अमुक अभ्यासक्रम, अमुक सत्र, हे बढतीसाठी धराल का? पदवी वैध असली तरी बढती देणं कंपनीच्या हातात आहे, तिथे यूजीसीची यादी कामाची नाही. उत्तर लेखी येईपर्यंत त्या मुलीच्या ‘आज शेवटचा दिवस’ला शांतपणे ऐकून घ्या.

स्टेटमेंटवरची तारीख सापडली की मला कळवा. फक्त तारीख. तीन पानं पुन्हा नकोत.