घरी वेल्डिंग सुरू करताय? आधी हे बघा

भाऊ, घरच्या गेट-ग्रिलच्या कामाला मिग-टिगच्या (गॅसच्या आडोशात होणाऱ्या वेल्डिंगच्या) नादी लागू नका, सिंगल फेजवर चालणारं २०० अँपचं इन्व्हर्टर आर्क मशीन (रॉडने वेल्डिंग करायचं, घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी संबंध नाही) घ्या, बास झालं. पण मशीन आणायच्या आधी वायरमनला बोलवा, १६ अँपच्या सॉकेटला वेगळी लाईन, वेगळी एमसीबी आणि अर्थिंग नीट आहे का ते बघून घ्या. मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर मशीन अजिबात लावायचं नाही, वायर तापून वितळते.

रॉड ६०१३ नंबरचा, अडीच एमएम जाडीचा, करंट ७०-८० अँपपासून सुरू करा. रॉड चिकटत असेल तर थोडा वाढवा, पत्र्याला भोक पडत असेल तर कमी करा. अर्थ क्लॅम्प (मशीनच्या वायरचा चिमटा, जो कामाच्या लोखंडाला लावतात) लावायची जागा आधी घासून चकचकीत करा, रंगावर-गंजावर लावला की आर्क (रॉडच्या टोकाची ठिणगी) नुसता फडफडतो आणि नवीन माणूस मशीनला दोष देत बसतो.

पैसे वाचवायचे तर मशीनमध्ये वाचवा, हेल्मेटमध्ये नको. काळा गॉगल चालत नाही, हेल्मेटला १०-११ शेडची (काळेपणाचा नंबर) काच पाहिजेच, चामड्याचे हातमोजे आणि सुती फुल शर्ट पण. आणि जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप असेल तर जस्ताचा थर घासून काढा, मोकळ्या हवेतच करा, त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. पोरांना आसपास थांबू देऊ नका, लांबून बघितलं तरी डोळे लाल होऊन चुरचुरतात.