वाचक विचारतात : घरी शिकवायचं, पण दाखल्याचं काय?

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. पुढच्या वर्षापासून तिला घरीच शिकवायचं म्हणतोय. कायद्याने चालतं का? दहावीला कशी बसेल? (एक पालक, भुसावळ)

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य सांगितलं आहे. ते न पाळल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. तेव्हा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी दारात आले तर हुज्जत घालू नका. जन्मदाखला आणि वह्या दाखवा, कोणत्या परीक्षेची तयारी चाललीय ते सांगा.

पण चौथीतच नाव काढायची घाई नको. पाचवी पास होऊ द्या. राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा अर्ज) भरून बसायचं तर किमान पाचवी उत्तीर्ण, वय १४ पूर्ण आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद संपर्क केंद्र म्हणून नेमलेल्या शाळेत द्यायचे.

दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. इथेही वय १४ पूर्ण हवं. आठवीचा दाखला नसला तरी स्वयंघोषणापत्र चालतं. किमान पाच विषय, मराठी माध्यम मिळतं, परीक्षा वर्षातून दोनदा आणि नोंदणी पाच वर्षं टिकते. एकेक विषय सोडवत जाणाऱ्या मुलांना हे मानवतं. पोरं अडकतात ती स्वाध्यायात, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांत. त्याला २० टक्के गुण असतात, आणि 'नंतर लिहू' म्हणता म्हणता तारीख निघून जाते.

आता शाळा सोडल्याचा दाखला. तो हातात आल्यावर घडी घालायच्या आधी तिथेच वाचा : नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात-पोटजात. खरं तर नाव काढायच्या आधीच शाळेच्या जनरल रजिस्टरचा (मुलांच्या नोंदींच्या वहीचा) उतारा मागून हे तपासावं. पटावर नाव असताना चूक दुरुस्त होते. नंतर फार हेलपाटे पडतात, आणि जातवैधतेच्या वेळी नेमका हाच कागद पुढे ठेवावा लागतो.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, घरीच शिकतो. मळ्यात रमतो, पण गणिताचं पुस्तक उघडत नाही. (एक शेतकरी, यावल)

पुस्तक महिनाभर बंदच राहू द्या. केळी ५ बाय ५ फुटांवर असेल तर एका खोडाला २५ चौरस फूट जागा. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. भागाकार केला की १,७४२ खोडं येतात. मग त्याला खरंच एका पट्ट्यातली खोडं मोजायला लावा. कमी भरतील. बांध, पाट, बैलगाडीची वाट यांत जागा किती गेली हे त्याने टेपने काढायचं.

पुढे ठिबक. खोडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे एकराला ताशी १३,९३६ लिटर. मोटार तेवढं पाणी देते का? २०० लिटरचा ड्रम भरायला लागणारे सेकंद मोजू द्या. ९० सेकंद लागले तर ताशी ८,००० लिटर. मग एकराचे दोन भाग करून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह का लावायचा, हे तोच तुम्हाला सांगेल.

यात एकच गोष्ट हमखास चुकते. पोरगं तोंडी बरोबर सांगतं, बाप खूश होतो आणि वही कोरी राहते. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. त्याच संध्याकाळी मांडणी, एकक आणि उत्तर त्याच्या हाताने लिहून घ्या. उत्तर तुम्ही आधी सांगितलंत तर सगळा खेळ संपला.

प्रश्न : नाही जमलं तर परत शाळेत घेतील का? (एक आई, शिरपूर)

१४ वर्षांपर्यंत घेतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. अर्ज मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, पोच घ्या. तोंडी नकार मिळाला तर पोचेची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मधल्या वर्षांच्या तारखा घातलेल्या वह्या रद्दीत घालू नका, कोणत्या विषयात किती मागे आहे हे गुरुजींना त्यावरून लगेच कळतं.