मुनिमाला कॅल्क्युलेटर का परवडत नव्हता?

प्रश्न : आमचे आजोबा उदगीरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम होते. 'हिशोबाचं मशीन म्हणजे पैसेवाल्यांचं काम' असं ते म्हणायचे. खरंच इतकं महाग होतं का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : होतं, अगदी आजोबा सांगायचे तसंच. मी संख्याशास्त्र शिकवायचो. आमच्या प्रयोगशाळेत स्वीडनच्या फॅसिट कंपनीची मशीनं होती. आकडा दाबायचा, दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. भागाकाराला दांडा मागे फिरवत राहायचं. घंटी वाजली की एक फेरा जास्त झाला, तेवढा पुढे फिरवून भरून काढायचा. सगळं काम दातेरी चाकांचं, त्यामुळे किंमत उतरायला वावच नसे. मुठीत मावणाऱ्या 'कुर्टा' नावाच्या हाताने फिरवायच्या मशीनमध्ये पाचशेहून जास्त सुटे भाग! अमेरिकेत ते 125 डॉलरला मिळे. 1966 पर्यंत डॉलर 4 रुपये 76 पैसे, म्हणजे सुमारे 600 रुपये. आयात परवाना आणि जकात वेगळी.

इलेक्ट्रॉनिक मशीनं तर विचारूच नका. 1961 चं 'अनिता' हे ब्रिटिश मशीन सुमारे 355 पौंडांचं, म्हणजे पावणेपाच हजार रुपये. शार्प या जपानी कंपनीचं 1964 चं मशीन 25 किलो वजनाचं, किंमत 5,35,000 येन; जपानात तेवढ्यात मोटार येई. 1972 मध्ये एचपी-35 हा अमेरिकन कॅल्क्युलेटर शर्टाच्या खिशात मावू लागला, पण 395 डॉलरला, जवळपास 3,000 रुपये. सोनं तेव्हा 200 रुपये तोळ्याच्या आसपास होतं, आणि मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. पंधरा तोळ्यांचं मशीन मोंढ्यात कोण घेणार? शिवाय मुनिमाला पावकी, निमकी, दीडकी, औटकी म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे तोंडपाठ. साडेतीन क्विंटल तुरीची रक्कम औटकीवर काढून, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी द्यायला त्याला मशीन लागत नव्हतं. ही विद्या गेली याचं मला फार वाईट वाटतं.

किंमत पडली ती चिपमुळे. शेकडो सुटे ट्रान्झिस्टर जोडत बसण्याऐवजी सगळी आकडेमोड एका तुकड्यात आली. त्याच 1972 मध्ये जपानात सहा आकड्यांचा कॅसिओ मिनी 12,800 येनला विकायला आला. शार्पनंतर जेमतेम आठ वर्षांत!

आजोबांच्या दुकानाची जुनी किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कुणी जपली असेल तर चाळून बघा. कॅल्क्युलेटर घेतल्याची नोंद रकमेसह सापडली तर मला जरूर कळवा.