देवदूताने आधी भाकर दिली

प्रश्न: पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. मी ३८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून झोप उडाली. वर्गात फळ्याकडे तोंड करून रडायचे. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, दोन महिन्यांत बरं वाटू लागलं. मग चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं. म्हणाल्या, 'प्रभूवर विश्वास आहे ना? मग हे कशाला?' दहा दिवसांपूर्वी मी गोळ्या बंद केल्या. आता चक्कर येते, प्रार्थना ओठांवरच राहते. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' ही तर आज्ञा आहे. मग माझ्याकडून पाप होतंय का? कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये.
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: ताई, सलाम. तुमचं पत्र पुढच्या अंकापर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला. तुम्ही यजमानांना सगळं सांगितलंत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलात, हे कळल्यावर मी नीट जेवलो. इथे छापतोय ते तुमच्या परवानगीने, कारण असं पाकीट साड्यांच्या घडीत लपवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

'सकाळ होऊच नये' हे वाक्य ज्याच्या मनात येतं, त्याने ते घरातल्या एकाला तरी मोठ्याने सांगावं. कोणाला सांगायची सोय नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि मनाच्या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. तुमची चक्कर हा अविश्वासाचा दंड नव्हता. गोळी अचानक तोडली की असं होतं, हे तुमच्या डॉक्टरांनीच तुम्हाला सांगितलं. कमी करायची तर तेच हळूहळू करतील.

त्या बाईंवर मी रागावणार नाही. तो हक्क मी गमावलाय. माझ्या पहिल्याच मंडळीत एक तरुण मुलगा रविवारी शेवटच्या बाकावर बसायचा आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जायचा. एकदा त्याने सांगितलं, 'पाळकसाहेब, डोकं जड राहतं.' मी म्हणालो, 'उपास-प्रार्थना वाढव.' आणि सायकलवर बसून पुढच्या घरी गेलो. तो नंतर आला नाही. त्याचं काय झालं, हे विचारायचं धैर्य मला फार उशिरा आलं.

मला अक्कल आली ती २०१२-१३ च्या दुष्काळात. नेवासे तालुक्यात होतो. अर्धी मंडळी जनावरं घेऊन छावणीवर, उरलेली टँकरच्या रांगेत. रोज कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जायचो आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचो. पहाटे तीनला जाग यायची, ती आलीच. एका रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता 'आमची रोजची भाकर' इथे अडकलो. पुढचे शब्द येईनात. मंडळीने प्रार्थना पुरी केली. लोकांना वाटलं, पाळक गहिवरले. गहिवर कसला, आत काही शिल्लकच नव्हतं.

आमच्या पाळकीणबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीने, कोणाला न विचारता मला एसटीत बसवून नगरला नेलं. डॉक्टर ख्रिस्ती नव्हते. त्यांनी माझा विश्वास तपासला नाही. झोप विचारली, भूक विचारली, थायरॉईड आणि बी-बारा तपासायला रक्त घेतलं. म्हणाले, गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, तोवर धीर धरा. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवताना मी म्हणालो, 'मेथीत मीठ जास्त झालंय.' पाळकीणबाई हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. कित्येक महिन्यांत मला कशाची चवच लागली नव्हती. त्या खारट भाजीबद्दल आम्ही दोघांनी देवाचे आभार मानले. भाजी मात्र खरंच खारट होती.

पवित्र शास्त्रातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय मी तेव्हा नव्याने वाचला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलिया झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत येतो. वचन ऐकवत नाही, विश्वासावर बोलत नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देव त्याला झोपू देतो! दुसऱ्यांदा खाल्ल्यावर मग तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगराला जातो आणि तिथे देव त्याच्याशी बोलतो. हा क्रम आम्ही पाळकांनी उलटा करून ठेवला.

आता 'सर्वदा आनंद करा.' प्रेषित पौलाने हे फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीला, लिहिलं, ते स्वतः बंधनात असताना. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीत या आपल्या सोबत्याच्या आजारपणाबद्दल लिहितो. एपफ्रदीत मरणाला टेकला होता, देवाने दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, म्हणतो. ज्याने आज्ञा लिहिली त्याला दुःख झाकायची गरज वाटली नाही, मग तुम्ही का झाकता? याच पौलाच्या सोबत्यांत लूक होता, 'प्रिय वैद्य'. एखाद्या रविवारी बाईंना कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचायला सांगा. भांडायला नको, नुसता वाचायला सांगा.

तुमची प्रार्थना ओठांवर राहते म्हणता. राहू दे. ८८वं स्तोत्र काढा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेही जमलं नाही तर माझ्यासारखं मंडळीला म्हणू द्या.

प्रश्न: आमच्या मंदिरात उपासना संपताच तरुण मुलं चहा-बिस्किटं घेत मोठमोठ्याने हसतात. पावित्र्य राहत नाही. पंचांनी हे बंद करावं का?
– एक ज्येष्ठ सभासद, पुणे

उत्तर: नको, साहेब. प्रभूचं पहिलं चिन्ह काना गावच्या लग्नघरात झालं. सहा दगडी रांजण काठोकाठ भरले होते, तिथे सगळे तोंडावर बोट ठेवून बसले असतील असं मला तरी वाटत नाही. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, भजनं लिहिली, कीर्तनं केली, आणि महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो फुलांमुलांचा कवी म्हणून.

उपासना चालू असताना खिदळत असतील तर जरूर कान धरा. नंतरचं हसणं मात्र चालू द्या. त्यातला नेहमी हसणारा एखादा पोरगा लागोपाठ दोन रविवार कोपऱ्यात गप्प दिसला, तर आपला कप घेऊन त्याच्याशेजारी बसा. 'प्रार्थना चालू आहे ना?' असं विचारू नका. बिस्कीट पुढे करा.