दोन पगार, एक खुंटी

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू दोन्ही ऑफर मोबाईलवर पाठवल्यास आणि खाली एवढंच लिहिलंस, "काका, कुठं जाऊ?" रात्री चष्मा पुसून पुसून वाचल्या. कंपनी एकच. डॅलसच्या ऑफिसात वर्षाला १,१०,००० अमेरिकी डॉलर, टोरांटोच्या ऑफिसात १,२०,००० कॅनडाचे डॉलर. सकाळी खानापूरहून तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. तिचा प्रश्न वेगळाच होता, त्याकडं शेवटी येतो.

आपण सीमेवरची माणसं. पलीकडं काय स्वस्त, याचा हिशेब आपल्याला शिकवावा लागत नाही. चंदगडच्या माणसाचं हाड मोडलं की तो कोल्हापूरचा रस्ता धरत नाही, जवळ म्हणून बेळगावला येतो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं आणि बंगळूरला राग आला, हेही तू पाहिलंस. माणूस इकडं, कार्ड तिकडचं, यात आपलं आयुष्य गेलं. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरही हेच चालतं. कॅनडातल्या विंडसरच्या नर्सबाया रोज नदी ओलांडून अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या दवाखान्यांत कामाला जातात. पगार अमेरिकेचा घेतात, संध्याकाळी कॅनडातल्या घरी येतात आणि आजारी पडल्या तर कॅनडाचं आरोग्यकार्ड दाखवतात. दोन्हीकडची मलई! तुला मात्र एकच बाजू निवडायची आहे, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सगळं २०२४ च्या दरांनी धरलंय. आत्ता तू सडाफटिंग, तर तसाच हिशेब. डॅलसला १,१०,००० मधून १४,६०० ची प्रमाणित वजावट. उरलेल्यावर केंद्राचा आयकर सुमारे १६,०००, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के म्हणजे ८,४००. टेक्सस राज्याचा आयकर शून्य. हातात साडेपंच्याऐंशी हजार. टोरांटोला केंद्राचा आयकर साडेअठरा हजार, ऑंटारिओ प्रांताचा सुमारे दहा हजार, निवृत्तिवेतन आणि बेरोजगारी विम्याची कपात पाच हजार शंभर. हातात शहाऐंशी हजारांच्या थोडं वर.

आकडा जवळजवळ सारखाच, आणि गंमत इथंच आहे. एक अमेरिकी डॉलर त्या वर्षी कॅनडाचे सुमारे १.३७ डॉलर होता. भागाकार कर, टोरांटोचे शहाऐंशी हजार अमेरिकी डॉलरात त्रेसष्ट हजार होतात. साडेबावीस हजारांचा फरक! तुझ्या मित्रांनी एवढ्यावर बॅग भरली असती.

(जाता जाता एक. "अमेरिकन मध्यमवर्ग इतका श्रीमंत" म्हणून जे आकडे फिरतात ते नीट बघ. अमेरिकेच्या जनगणना खात्यानं २०२३ साठी कुटुंबाचं मध्यम उत्पन्न ८०,६१० डॉलर सांगितलं, ते कर कापण्याआधीचं. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याचा २०२२ चा ७०,५०० हा आकडा कर कापल्यानंतरचा, आणि तोही कॅनडाच्या डॉलरात. लोक दोन्ही शेजारी मांडून वाद घालतात. माझ्याकडं कुणी असं विवरणपत्र आणलं तर मी दारातूनच परत पाठवीन.)

टेक्ससात आयकर नाही म्हणून नाचूही नकोस. तिथली घरपट्टी भारी आहे आणि डॅलसमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही. ऑंटारिओत दुकानात १३ टक्के कर लागतो, टेक्ससात जास्तीत जास्त सव्वाआठ. हे आपसात कटतं म्हणून सोडून देतो.

आता औषधपाण्याकडं ये. अमेरिकेत नोकरदाराचा विमा कंपनीच्या हातात असतो. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं पगारवाढ गोठवली, कामगार तर मिळेनात, मग मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. नंतर त्यावर कर लागणार नाही असा कायदा झाला आणि तात्पुरती सोय कायमची झाली. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात तिथला माजी मुख्यमंत्री टॉमी डग्लस याच्या पक्षाच्या सरकारनं १९६२ मध्ये सगळ्यांसाठी सरकारी वैद्यकीय विमा आणला, तेव्हा डॉक्टर २३ दिवस संपावर गेले होते. पण योजना टिकली, देशभर पसरली, आणि १९८४ च्या कायद्यानं रुग्णाकडून वर पैसे उकळायला आळा बसला. तिथं डॉक्टरकडं जाताना खिसा चाचपावा लागत नाही, तो आधीच करातून रिकामा झालेला असतो.

माझी लेक न्यू जर्सीत आहे, तुला माहीत आहे. तिच्या मुलाचं मनगट सायकलवरून पडून मोडलं तेव्हा मी तिथंच होतो. प्लास्टर तासाभरात झालं, डॉक्टर गोड बोलला, मी म्हटलं काय देश आहे! मग तीन महिने बिलं येत राहिली. दवाखान्याचं एक, डॉक्टरचं दुसरं, एक्स-रे वाचणाऱ्याचं तिसरं, आणि तो तर आम्हाला दिसलाही नव्हता. विमा चांगला होता, तरी जावयानं सुमारे दोन हजार डॉलर खिशातून भरले, कारण डिडक्टिबल संपलं नव्हतं. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनीनं हात लावायच्या आधी तुझ्या पाकिटातून जायची रक्कम. चाळीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, पण त्या बिलांचा अर्थ मला लागला नाही.

उलट बाजूही ऐक. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला माझा पुतण्या आहे. क्रिकेट खेळताना गुडघा गेला. एक पैसा लागला नाही, पण एमआरआयसाठी महिने आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा महिने थांबला, गोळ्या खात, लंगडत. कॅनडातल्या फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत घरच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिल्यापासून उपचार होईपर्यंतची मध्यम प्रतीक्षा ३० आठवडे निघाली. ही संस्था खासगीकरणाच्या बाजूची आहे, म्हणून आकडा थोडा जपूनच घे, पण पुतण्याचा गुडघा मी स्वतः पाहिलाय. दात, चष्मा आणि बाहेरची औषधं त्या सरकारी कार्डात सहसा येत नाहीत, त्यासाठी तिथंही कंपनीचा विमा बघावा लागतो.

मग मी वाईट वर्षाचा हिशेब मांडला. चांगल्या वर्षाचा कुणीही मांडतो.

समज तुझं लग्न झालं, बायको अजून कमवत नाही, आणि त्याच वर्षी घरात मोठा आजार आला. डॅलसला नवरा-बायकोचा एकत्र कर भरला तर हातात ९२,००० च्या थोडं वर. कंपनीतल्या कुटुंब विम्याच्या हप्त्यातला नोकरदाराचा वाटा २०२४ मध्ये सरासरी ६,२९६ डॉलर होता. त्याखेरीज विमा कंपनीच्या यादीतल्या दवाखान्यांत (नेटवर्कमध्ये) उपचार घेतले तर कुटुंबाच्या खिशातून त्या वर्षी जास्तीत जास्त १८,९०० जाऊ शकत होते, ही कायद्याची मर्यादा. सगळं वजा केलं तरी सदुसष्ट हजार उरतात. टोरांटोला बायकोची सवलत धरून साधारण ८९,४०० कॅनडाचे, म्हणजे पासष्ट हजार अमेरिकी. बघितलंस? भयंकर आजारातही डॅलस मागं पडत नाही. मला कॅनडा जिंकणार अशी खात्री होती, म्हणून दोनदा मांडलं. उत्तर तेच.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की त्या वर्षी तुझी नोकरी शाबूत आहे. आणि नेमकं तेच धरता येत नाही. डॅलसला तुझा पगार, तुझा विमा आणि तुझा व्हिसा, तिन्ही जनावरं एकाच खुंटीला बांधलेली आहेत. खुंटी उपटली की तिन्ही सुटतात. कामावरून कमी केलं तर देशात राहायला साधारण ६० दिवस. जुना विमा चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही तूच भरायचा; कुटुंबाचा पूर्ण हप्ता वर्षाला सरासरी २५,५७२ डॉलर होता, म्हणजे महिन्याला दोन हजारांवर, पगार नसताना! आणि माणूस आजारी पडला की नोकरीही डगमगते, हे उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला कुणी सांगायला नको. भारतीयांची ग्रीनकार्डाची रांग किती लांब आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. टोरांटोला तू पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेऊन जाणार आहेस. तिथं नोकरी गेली तर पगारच जाईल; कार्ड आणि राहण्याचा हक्क जागेवर राहील.

माझं मत विचारशील तर टोरांटो. तू एकटाच राहणार असतास, पाच वर्षं पैसा गाठीला बांधून परत येणार असतास, तर डॅलस म्हणालो असतो. पण तू तसा नाहीस. परवाच्या मेसेजमध्ये तिचं नाव दोनदा होतं.

आता तुझी आई. तिनं विचारलं, "भावजी, मी तिकडं गेले आणि साखर वाढली तर?" खरं उत्तर कडू आहे. पाहुणी म्हणून आलेल्या आईला दोन्ही देशांची सरकारी किंवा कंपनीची योजना धरत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसावर ती एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकेल, पण निदान एक लाख डॉलरचा खासगी वैद्यकीय विमा काढावा लागतो, आणि मधुमेह म्हटलं की हप्ता चढतो. अमेरिकेत पाहुण्यांना सहसा सहा महिने मिळतात. बाकी ज्या टोरांटोत १९२१ साली इन्सुलिन सापडलं, त्याच ऑंटारिओत २०१९ मध्ये अमेरिकेतली माणसं गाड्या करून स्वस्त इन्सुलिन घ्यायला आली होती. चंदगडची माणसं सगळीकडं असतात.

म्हणून तिचा आरोग्य विमा इथं, आणि निघण्याआधी काढ. आधीपासूनच्या आजाराचा खर्च द्यायला विमा कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकते, असा २०२४ पासूनचा नियम आहे. तू तिकडं रुळेपर्यंत तेवढी वर्षं सरतील. वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. अर्जात मधुमेह लपवू नको. एजंट म्हणेल "चालतंय हो", पण दावा नाकारला जातो तेव्हा तो फोन उचलत नाही.

रविवारी सकाळी ये. डॅलसच्या विम्याचं माहितीपत्रक कंपनीकडून मागवून आण, त्यात डिडक्टिबल किती ते मला बघायचंय. आईची रिपोर्टची फाईलही आण, सगळी, मागची तीन वर्षं. कुंदा मी आणून ठेवतो, तिला सांगू नको.

तुझा,
काका