पाय धुणारा गुरू आणि मोबाइलवरची उपासना

प्रश्न : नवापूर तालुक्यातील आमच्या मंडळीची रविवारची उपासना आता मोबाइलवरून थेट दाखवली जाते. घरी बसून पाहणारे वाढले, बाकांवर बसणारे घटले. याला ख्रिस्ताची सेवा म्हणावे का?
– एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर : प्रक्षेपणाला माझा विरोध नाही. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला पालात बसून आपल्या मंडळीचे गीत ऐकू येत असेल, तर तो मोबाइल सार्थकी लागला. माध्यम बदलणे नवेही नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन या इथल्याच मातीतल्या रूपांतून ख्रिस्त सांगितला.

मात्र योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचावा. येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुऊन पुसतो. पेत्र हा शिष्य संकोचाने नको म्हणतो, तरी गुरू आपल्या म्हणण्यावर ठाम राहतो. त्या काळी हे दासाचे काम होते, आणि ते दुरून करता येत नाही. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने सांधे ठणकणाऱ्या मुलाला पहाटेच्या एसटीने दवाखान्यात नेणे, तेथे रांगेत त्याच्या आईशेजारी उभे राहणे, हे त्याच जातीचे काम आहे. (त्याचे चित्रीकरण करू नये, हे वेगळे सांगायला नको.)

तेव्हा प्रक्षेपण चालू ठेवा, पण बाकावरून नाहीसे झालेल्यांची नावे वहीत लिहा आणि रविवारी दुपारी त्यांच्या घरी जा.